खड्ड्यात कोण उतरणार

मांडीचं हाड मोडलं होतं थोरल्याचं, पण त्या रविवारी घरात जो तो जपून पाऊल टाकत होता. पुढच्या खोलीत खिडकीखाली त्याची खाट टाकली होती. पाय फळ्यांमध्ये आवळून बांधला होता, आणि या फळ्या आपणच कापलेल्या आहेत हे थोरल्यानं येणाऱ्या प्रत्येकाला सांगून झालं होतं. अक्का, म्हणजे दोघा भावांची मोठी बहीण, सकाळच्या पहिल्या गाडीनं आली होती. येताना तिनं स्वतःची उशी आणली होती. दुसऱ्याच्या घरातल्या उशीवर तिला कधी झोप लागली नाही, आणि दुसऱ्याच्या घरातला निर्णय तिच्यावाचून कधी लागला नाही.

आता निर्णय कसला, ते सांगायला हवं. वखारीत एक लांबलचक खड्डा. खड्ड्यावर आडव्या तुळया आणि तुळयांवर ओंडका. ओंडक्यावर एक माणूस उभा, खड्ड्यात दुसरा, आणि दोघांच्या हातात मिळून माणसापेक्षा उंच एक करवत. वरच्यानं ती वर खेचायची आणि रेघेवर बसवायची. खालच्यानं खाली ओढायची. लाकूड कापलं जातं ते खाली ओढताना, तेव्हा खरा जोर खालच्याचा. पण फळी सरळ निघाली की गिऱ्हाईक विचारतं, "वर कोण होतं?" खाली कोण होतं, हे विचारणारं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचंय. खालच्याच्या वाट्याला फक्त भुसा यायचा.

थोरला आयुष्यभर वर उभा राहिला आणि धाकटा खाली. थोरल्याच्या फळ्या इतक्या सरळ निघत की वखारीत त्याला 'ओळंबा' म्हणायचे. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला दोरीला वजन बांधून सोडतो ना, तो ओळंबा. धाकट्याला कुणी काही नाव ठेवलं नव्हतं. आजही या घराण्यातली चार माणसं एकत्र आली की आपण ओळंब्याच्या वंशातले असं छाती फुगवून सांगतात. त्यातले निम्मे धाकट्याचे पणतू आहेत, पण ते असो.

तर थोरला ओंडक्यावरून पडला. ओंडका ओला होता, पाय घसरला, असं त्यानं सांगितलं आणि सगळ्यांनी ऐकलं. वखारीतून निरोप आला की मोठे ओंडके येऊन पडलेत, उद्या सकाळी जोडी उभी राहिली पाहिजे, घरातली नसेल तर बाहेरची बघू.

"त्यात काय एवढं?" थोरला उशीला टेकून म्हणाला. "उद्यापासून नवरदेव वर उभा राहील. खाली आपला धाकटा आहेच. जोडी घरातल्या घरात राहिली. झालं."

नवरदेव म्हणजे थोरल्याचा एकुलता एक मुलगा. लग्न होऊन दोन वर्षं उलटली तरी त्याचा भांग आणि शर्टाची इस्त्री लग्नाच्याच दिवसावर थांबली होती, म्हणून ते नाव चिकटलं. वखारीत तो फळ्या रचायचा आणि बाप कधी थकतोय याची वाट बघायचा. वाईट नव्हता पोरगा. फक्त आपण वर जाणार याबद्दल त्याला लहानपणापासून तिळमात्र शंका नव्हती.

"झालं नाही, भाऊजी," दारातून आवाज आला.

ती धाकटी होती, धाकट्याची बायको. हातात चहाची किटली होती. या घरात आल्यापासून तिनं मोठ्या दिराला उलट उत्तर दिलं नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना आधी वाटलं चहाच झाला नाही.

"काय म्हणालीस?" अक्कानं विचारलं.

"उद्या हे वर उभे राहतील. नवरदेवानं खाली उतरावं."

"मी?" नवरदेव म्हणाला. "खड्ड्यात?"

"खड्डाच आहे, विहीर नाही," धाकटी म्हणाली. तिची जीभ आता चालू झाली होती. "वन्सं, तुम्हीच सांगा. परवा ह्यांना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं मी. त्या म्हणाल्या, एक डोळा गेलाय. दुसरा ठेवायचा असेल तर भुशाचं काम आजच्या आज सोडा. आजच्या आज म्हणाल्या."

"डॉक्टरांचं काय ऐकतेस?" थोरला म्हणाला. "भुसा सगळ्यांच्याच अंगावर पडतो."

थोरली, म्हणजे त्याची बायको, पायथ्याशी बसली होती. ती ताडकन उठली. "माझा एकुलता एक मुलगा आहे तो. तो भुसा खाणार?"

"माझा नवराही एकच आहे, जाऊबाई."

अक्काला हसू आलं आणि तिनं ते खोकल्यात दडवलं. मग मोठ्या बहिणीचा चेहरा पुन्हा चढवून ती म्हणाली, "हे बघ, आपल्या बाबांनी घालून दिलंय. थोरला वर, धाकटा खाली. थोरल्याच्या जागी थोरल्याचा मुलगा. असं मध्येच उलटंपालटं करून चालत नाही. का रे, तू बोल की! तुला वर जायचंय?"

प्रश्न धाकट्याला होता. तो भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. डाव्या डोळ्यावर पांढुरका सारा आला होता, उजवा लालभडक. सवयीप्रमाणे त्यानं रुमालानं तो टिपला आणि म्हणाला, "माझं काय. दादा म्हणेल तसं."

ऐका! धाकटीच्या मनात आलं, किटली ह्याच्याच डोक्यावर ओतावी. ज्याच्यासाठी भांडायला उभं राहावं तोच पलीकडे जाऊन बसला, तर माणसानं करायचं काय? ती तशीच मागे फिरली आणि स्वयंपाकघरात गेली.

तिच्याकडे एक गोष्ट होती. ती पुढच्या खोलीत नुसती उच्चारली असती तर एका वाक्यात निकाल लागला असता. पण त्यावर नवऱ्यानं तिच्याकडून शपथ घेतली होती.

मागच्या वर्षी धाकटा जेवणाचा डबा घरी विसरला, आणि ती तो द्यायला वखारीत गेली होती. ओळीनं खड्डे होते. प्रत्येक खड्ड्यातल्या माणसानं रुंद टोपी नाकापर्यंत ओढलेली, डोळे घट्ट मिटलेले. खालच्याला बघायचं असतं काय? त्यानं ओढायचं. आणि शेवटच्या खड्ड्यात तिचा नवरा. टोपी मानेवर सरकवलेली, तोंड वर, दोन्ही डोळे सताड उघडे. भुसा सरळ डोळ्यांत पडत होता आणि गालांवरून पाणी वाहत होतं. ओंडक्याच्या खालच्या अंगाला, पोटाला, काजळीची एक रेघ मारलेली होती. तशी रेघ दुसऱ्या कुठल्याच खड्ड्यात नव्हती. रेघ मारायची ती वरच्यानं, वरच्या अंगाला.

त्या संध्याकाळी तिनं त्याला सोडलं नाही. शेवटी तो म्हणाला, "दादाला रेघ दिसत नाही. बरीच वर्षं झाली. मी खालून बघून वळवतो, म्हणून फळी सरळ निघते."

"त्यांना माहीत आहे?"

"त्याला वाटतं त्याच्या हाताला कळतं. वाटू दे. आणि तू हे कुठं बोलायचं नाहीस. त्या नावाशिवाय दादाकडे आहे काय?"

मग तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तेव्हापासून रोज संध्याकाळी ती कोमट पाण्यात कापूस बुडवून त्याचे डोळे धुवायची आणि काही बोलायची नाही. मनात मात्र रोज बोलायची. दिराशी, जावेशी, कधीकधी वखारीतल्या ओंडक्यांशीसुद्धा.

थोरली तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात आली. कप धुवायच्या निमित्तानं आली, पण कप आधीच धुतलेले होते.

"माझ्या मुलाला खड्ड्यात घालायला निघालीस," ती नळाकडे तोंड करून म्हणाली. "आजवर तुला परकं मानलं का मी?"

"ओंडका ओला नव्हता, जाऊबाई."

नळाचं पाणी चालूच राहिलं.

"पाऊस नाही, दव नाही. आठ दिवस ऊन आहे. ओंडका संपला ते भाऊजींना दिसलं नाही."

थोरलीनं नळ बंद केला. मग दार लोटलं. "कुणी सांगितलं तुला?"

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

थोरली बराच वेळ फडक्यानं कोरडाच कप पुसत राहिली. "हातात दिल्याशिवाय चहा घेत नाहीत. मला वाटायचं, तोरा आहे. मग एकदा मी समोर उभी होते. अगदी समोर, तू आहेस तशी. आणि त्यांनी मलाच विचारलं, ती कुठं गेली?" कप हातातच फिरवत ती पुढे म्हणाली, "मी मागच्या दारानं बाहेर गेले आणि पुढच्या दारानं आवाज करत आत आले. म्हटलं, ही आले."

धाकटीच्या मनात आलं, इतकी वर्षं एकाच चुलीपाशी वावरलो, आणि दोघींनीही पोटात एकेक दगड ठेवून घेतला. तिला एकदम थोरलीची दया आली, आणि मग रागही आला, कारण दया करून उजवा डोळा वाचणार नव्हता.

"मग रेघ कोण बघतं, हेही तुम्हाला माहीत असेल."

"रेघ? सवयीनं कापतात ते. हाताला कळतं त्यांच्या."

"नाही, जाऊबाई."

आणि तिनं सांगितलं. टोपी, काजळी, पोटाची रेघ, सगळं. शपथ मोडली आणि तिला काडीचंही वाईट वाटलं नाही. सांगून झालं तेव्हा थोरलीनं कप खाली ठेवला होता आणि दोन्ही हात ओट्यावर टेकले होते.

"भावोजींनी?" ती म्हणाली. "आमच्यासाठी?"

"तुमच्यासाठीच. आणि उद्या नवरदेव वर गेला तर त्याच्यासाठी बघतील. तो नवा, त्याची रेघ रोज सुटणार, आणि हे खालून सांभाळणार. मी ओळखते ना माझ्या माणसाला. तो दुसरा डोळाही देऊन येईल आणि वर म्हणेल, दादा म्हणेल तसं."

थोरली डोळे पुसत राहिली. मग तिनं जावेचं मनगट धरलं. "बाहेर हे बोलू नकोस. झाकली मूठ आहे, झाकलेली राहू दे. पडले त्यातून उठतील गं ते, पण हे ऐकलं तर उठायचे नाहीत."

"मग मी करू काय?"

"तू गप्प बस. मी बोलते."

दोघी बाहेर आल्या. थोरलीनं चहाचा कप नवऱ्याच्या तळहातावर ठेवला, त्याची बोटं कपाच्या कानाला नीट लागली का ते बघितलं आणि सरळ उभी राहून म्हणाली, "नवरदेव खाली उतरेल."

"आई!"

अक्काच्या हातातली बशी हलली. "अगं, आत गेलीस ती एक आणि बाहेर आलीस ती दुसरीच की काय? मघाशी तर माझा मुलगा माझा मुलगा चाललं होतं."

"मुलगा माझाच आहे, म्हणून तर म्हणते. जो खाली राबला नाही त्यानं वर उभं राहू नये. चार वर्षं ओढू दे, मग वर जाईल. तोवर भावोजी वर."

थोरल्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी शिकवायला मी काय काल आलेय?"

अक्कानं थोडा विचार केला. वारं कुठल्या दिशेनं वाहतंय हे ओळखण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. "तसं बघायला गेलं तर बाबाही आधी खालीच होते," ती म्हणाली. "त्यांच्या काकांच्या खाली. ही म्हणते त्यात चूक नाही."

आता नवरदेव एकटा पडला. बापाकडे बघितलं, तो चहा पीत होता. काकाकडे बघितलं, तो जमीन बघत होता. पोराचं तोंड रडवेलं झालं.

"मी नाही उतरणार. काकांचा डोळा बघा ना! मलाही आंधळं करायचंय का सगळ्यांना मिळून?"

"मूर्ख आहेस," थोरला खेकसला. "खालच्यानं डोळे मिटायचे असतात. टोपी नाकापर्यंत ओढायची आणि करवत ओढायची. खाली बघण्यासारखं असतं काय? वखारीत इतके खड्डे आहेत, त्या लोकांचे डोळे गेलेत का?"

"मग काकांचा कसा गेला?"

धाकट्यानं रुमाल डोळ्याला लावला.

"काका उघडे ठेवतात," नवरदेव म्हणाला. "मी फळ्या रचताना रोज बघतो. टोपी मागे टाकून वर बघत असतात. मला वाटलं, बाकीचे आळशी आहेत. खालच्याचं खरं काम असंच असतं."

बिचाऱ्यानं मनापासून सांगितलं. या घरात वाढलेल्या मुलाला दुसरं काय वाटणार?

"का रे?" अक्का धाकट्याकडे वळली. "कशाला उघडे ठेवतोस?"

"सवय," धाकटा म्हणाला.

"ही कसली सवय?"

"वाईट सवय, अक्का. लागली खरी."

धाकटीनं तोंड उघडलं. थोरलीनं तिचं मनगट पुन्हा धरलं, या वेळी इतक्या जोरात की नखं रुतली. पण त्या दोघींकडे कुणाचं लक्ष नव्हतं. थोरल्यानं कप छातीवर टेकवला होता. त्याची मान धाकट्याच्या आवाजाच्या दिशेनं वळली होती, आणि तो हळूहळू, एकेक गोष्ट चाचपत विचार करत होता, हे सगळ्यांना दिसत होतं.

"खालून रेघ मारतोस का रे तू?"

धाकटा रुमालाची घडी घालत बसला.

"मी तुला विचारतोय. ओंडक्याला खालून रेघ मारतोस?"

"दादा, चहा गार होतोय."

"कधीपासून?"

"प्या ना आता," थोरली कशीबशी म्हणाली. "मी गरम करून आणते."

"तू थांब." थोरल्यानं कप पुढे केला. तो घ्यायला हात आला नाही तसा त्यानं तो पलंगपोसावरच ठेवला, आणि तो कलंडला. कुणी तो उचलला नाही. "अक्का, तू बोलतेस म्हणून मला कळतं तू कुठं बसलीस. तोंड दिसत नाही तुझं. नुसता उजेड दिसतो आणि उजेडात काहीतरी हलताना दिसतं. रेघ मला नवरदेवाच्या लग्नाच्या कितीतरी आधीपासून दिसत नाही. मला वाटत होतं, हात सांभाळून नेतायत. एवढी वर्षं कापलंय, हाताला कळत असेल. असं वाटून घ्यायला बरं वाटायचं."

अक्का रडायला लागली. ती मोठ्यानं रडणारी बाई होती, पण त्या दिवशी तिनं स्वतःची उशी तोंडाशी धरली.

"इकडे ये," थोरला भावाला म्हणाला.

धाकटा गुडघ्यांवर सरकत खाटेपाशी गेला. थोरल्याचा हात आधी त्याच्या खांद्याला लागला, मग कानाला, मग गालाला. बोटं वर जाऊन उजव्या डोळ्यावर थांबली.

"हा गेला?"

"हा नाही. हा चांगला आहे."

हात दुसरीकडे सरकला. डाव्या पापणीवर अंगठा ठेवून थोरला बसून राहिला.

"मला ओळंबा म्हणायचे रे लोक. मी ऐकून घ्यायचो. एकदा तरी सांगायचंस."

"सांगून काय झालं असतं? तू खाली उतरला असतास आणि मला वर चढावं लागलं असतं." धाकट्यानं रुमाल शोधला, सापडला नाही. "मला वर उभं राहायची भीती वाटते, दादा. पहिल्यापासून वाटते."

मग थोरला हसायला लागला. हसताना पायात कळ आली म्हणून ओरडला, आणि पुन्हा हसला. अक्का उशीतूनच हसली. नवरदेवाला हसावं की नाही ते कळेना. धाकटीला मात्र हसू आलं नाही. हा माणूस खरं बोलतोय की भावाचं मन राखतोय, हे तिला, त्याच्या बायकोला, सांगता आलं नसतं. ज्या जागेसाठी ती वर्षभर मनात भांडत होती त्या जागेची त्याला भीती वाटत असेल, असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तिला त्याच्याबद्दल इतकी माया दाटून आली की तिनं पटकन भिंतीला हात लावला.

"उद्या तू वर," थोरला म्हणाला. आवाज पुन्हा मोठ्या भावाचा झाला होता. "नवरदेवा, तू खाली. टोपी नाकापर्यंत, डोळे मिटलेले. उघडलेस तर माझ्याशी गाठ आहे." नवरदेवानं मान हलवली, मग बापाला ती दिसणार नाही हे त्याच्या लक्षात आलं आणि तो म्हणाला, "बरं, बाबा."

"आणि भीतीचं सांगतो तुला," थोरला भावाचा खांदा थोपटत म्हणाला. "एकदा वर उभं राहिलं की खाली बघायचं नाही. मग काही वाटत नाही. मी इतकी वर्षं उभा होतो, एकदाही खाली बघितलं नाही."

बोलून गेला, आणि आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. खांद्यावरचा हात तिथंच थांबला.

धाकटी पुढे झाली. तिनं कलंडलेला कप उचलला, पलंगपोसावरचा चहा पदरानंच टिपला आणि नवऱ्याकडे वळली.

"तुम्ही बघत जा," ती म्हणाली. "भीती वाटली तरी बघत जा. खाली आपला नवरदेव असेल."